दातांच्या दवाखान्यातली हवा

दात कोरायचा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. दात तापू नये म्हणून त्याच्या टोकाशी पाण्याचा फवारा चालू असतो. ते पाणी, पेशंटची लाळ, थोडं रक्त आणि किडलेल्या दाताचा भुगा मिळून बारीक धुकं उठतं. मोठे थेंब लगेच खाली बसतात. बारीक कण खोलीत बराच वेळ तरंगतात. आम्ही दंतवैद्य या धुक्यात वर्षानुवर्षं साध्या मास्कवर काम करत आलो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-बीच्या धास्तीने आमच्या पिढीला ऑटोक्लेव्ह आणि सुईची सावधगिरी शिकवली. हवेचा विचार कुणी फारसा केला नव्हता.

मार्च २०२० संपता संपता निफाड तालुक्यात जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, एप्रिलमध्ये मालेगाव पेटलं आणि नाशिक जिल्हा रेड झोनमध्ये गेला. १९ मे रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या: रेड झोनमध्ये फक्त तातडीचंच काम. म्हणजे तोंडाला सूज, न थांबणारं रक्त, जबड्याला मार, गोळ्यांना न जुमानणारा ठणका. बाकी सगळं फोनवर. माझा दवाखाना नाशिकच्या सिडकोत. लोक मोबाइलचा टॉर्च लावून मुलांकरवी दाढेचा फोटो काढून पाठवायचे. त्यात दाढ कमी आणि जीभच जास्त दिसायची, म्हणून प्रश्न विचारूनच निदान करावं लागे. गार पाण्याने कळ येते की गरम चहाने? रात्री आडवं झाल्यावर वाढते का? तोंड पूर्ण उघडतं का?

त्या दिवसांतलं सगळ्यात जड काम म्हणजे वाचण्याजोगी दाढ काढणं. चिमट्याने दाढ काढताना फवारा लागत नाही. रूट कॅनालला लागतो आणि खेपाही जास्त. अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला एक तरुण म्हणाला, "मॅडम, काढूनच टाका. परत यायला सुट्टी कोण देणार?" खालची पहिली दाढ होती, मुळं भक्कम होती. काढली. लहान पोकळ्या मात्र आम्ही हाताच्या हत्याराने खरवडून सिमेंटने भरल्या. वेळ लागला, पण बऱ्याच टिकल्या.

एसी बंद ठेवायचा होता. मग हवा जाते कुठे, ते बघायला खुर्चीच्या उशीपाशी उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला नाही. तो आधी माझ्या सहायक ताईंच्या तोंडावर आला आणि तिथून दारातून बाहेर, पेशंट बसतात त्या बाकड्याकडे वळला. इतकी वर्षं माझ्याइतक्याच जवळ उभं राहून त्या काम करत होत्या आणि धुकं आधी त्यांच्याकडे जात होतं. आम्ही खुर्ची फिरवली, मागच्या भिंतीत एक्झॉस्ट बसवला, पुढची खिडकी उघडी ठेवली. पुन्हा उदबत्ती लावली. या वेळी धूर पेशंटच्या डोक्यामागून बाहेर गेला.

लोकांच्या लक्षात पांढरे पीपीई किट राहिले. ते घालून मे महिन्यात अर्धा तास वाकून उभं राहिलं की घाम बुटात उतरायचा. पण किट घालण्यापेक्षा उतरवणं कठीण. आधी वरचे हातमोजे. मग गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत. शिल्ड मागच्या पट्ट्याने धरून. एन-९५ सगळ्यात शेवटी, आणि दर टप्प्याला हात स्वच्छ. थकलेला माणूस इथेच चुकतो, म्हणून ताई समोर उभ्या राहून एकेक पायरी मोठ्याने सांगायच्या. मी उतरवलं की मी त्यांच्यासाठी उभी.

माझ्या मते खरं काम किटपेक्षा जाड नळीच्या सक्शनने आणि रबर डॅमने केलं. रबर डॅम म्हणजे दाताभोवती ताणलेला रबरी पडदा: दात वर, लाळ खाली. कॉलेजात सगळे शिकतात आणि दवाखाना टाकला की बहुतेक जण विसरतात. सक्शनची नळी दातापासून बोटभर अंतरावर आणि फवाऱ्याच्या दिशेलाच धरावी लागते. गालात खुपसली की धुकं निसटतं. हे कौशल्य डॉक्टरचं नाही, सहायकाचं. त्यांचा पगार आणि हिपॅटायटिस-बीची लस या दोन गोष्टींत आमचा व्यवसाय अजूनही हात आखडता घेतो, याची मला चीड आहे.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की उडणाऱ्या तुषारांतले जंतू मुख्यतः यंत्राच्या पाण्यातून येतात, लाळेतून कमी. धीर आला, पण लक्ष पाण्याच्या नळ्यांकडे वळलं. त्यांच्या आत बुळबुळीत थर धरतो. आता सकाळी पहिल्या पेशंटआधी दोन मिनिटं आणि प्रत्येक पेशंटनंतर अर्धं मिनिट पाणी वाहू देतो, बाटली रोज रिकामी करून वाळवतो.

त्याच वर्षी दुसऱ्या लाटेनंतर वरचे दात एकाएकी हलू लागलेले, मधुमेह असलेले पेशंट येऊ लागले. टाळूवर काळसर डाग दिसला की म्युकरमायकोसिसची शंका धरून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचं, दात काढायला हात लावायचा नाही. तोवर खिडकी, सक्शन, डॅम इतकं अंगवळणी पडलं होतं की नजर पूर्णपणे तोंडाकडे देता आली.

हल्ली नवे डॉक्टर गाळा बघायला सोबत बोलावतात. खुर्ची कुठल्या कंपनीची घ्यावी, असं विचारतात. मागची भिंत मोकळ्या जागेवर उघडत नसेल तर तो गाळा घेऊ नका, असं मी सांगते. दोघांनी ऐकलंय, एकाने भाडं कमी म्हणून घेतलाच.