नाशिकमधील निवासी भाडेकरार

नाशिक शहरात राहण्याचे घर भाड्याने देण्या-घेण्याचे व्यवहार आज मुख्यतः लिव्ह अँड लायसन्स या प्रकारच्या लेखी करारानुसार होतात. बोलीभाषेत या कराराला 'भाडेकरार' किंवा 'अकरा महिन्यांचा करार' असे म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या करारावर राहणारी व्यक्ती भाडेकरू नसून परवानाधारक असते. घरात राहण्याचा हक्क, अनामत रक्कम परत मिळणे आणि मुदतीनंतरची स्थिती या तिन्ही बाबी या भेदावर अवलंबून असतात. असे व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याच्या कक्षेत येतात.

शहर आणि घरांची मागणी

नाशिक महानगरपालिकेची स्थापना १९८२ साली झाली. जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १०,७७,२३६ होती. २०११ मध्ये ती १४,८६,०५३ झाली. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे सिडको, पाथर्डी फाटा व सातपूर परिसरात कामगारांकडून घरांना मागणी असते. नाशिक रोड भागात रेल्वे स्थानक, भारत प्रतिभूती मुद्रणालय व चलार्थ पत्र मुद्रणालय आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोड आणि पंचवटी परिसरात महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची मागणी मोठी असून प्रवेशाच्या हंगामात ती वाढते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात नाशिकला मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ लागू होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेवाढ व मनमानी निष्कासन रोखणे हा त्याचा हेतू होता. जुन्या घरांचे प्रमाणित भाडे सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी जोडले गेल्याने ते दशकानुदशके जवळपास गोठून राहिले. जुन्या नाशकातील वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अल्प भाड्यावर राहणारी कुटुंबे ही याच व्यवस्थेची देणगी होय. भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नसल्याने अनेक वाडे जीर्ण झाले. दर पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका अशा धोकादायक वाड्यांना नोटिसा देते.

भाडेकरूला मिळणारे संरक्षण टाळण्यासाठी घरमालक परवान्यावर जागा देऊ लागले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यामुळे दिलेले घर परत मिळणार नाही, ही भीती मालकांमध्ये बळावली. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणित भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदविले. पुढे ३१ मार्च २००० पासून नवा अधिनियम संपूर्ण राज्यासाठी अमलात आला.

भाडेकरू आणि परवानाधारक

भाडेकरूला जागेत हितसंबंध प्राप्त होतो. अधिनियमात दिलेल्या कारणांखेरीज त्याला जागेतून काढता येत नाही आणि भाडेवाढ वर्षाला चार टक्क्यांपर्यंत मर्यादित असते. परवाना ही भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील संकल्पना असून त्यात जागा वापरण्याची केवळ अनुमती मिळते. परवाना शुल्काची रक्कम उभयपक्षी ठरते.

अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाने घर रिकामे न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई देय होते. या कार्यवाहीत लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणूनच तोंडी आश्वासनावर विसंबणाऱ्या परवानाधारकाची बाजू दुबळी ठरते.

अकरा महिन्यांची मुदत

नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र या मुदतीमुळे नोंदणीतून सूट मिळत नाही. कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. केवळ मुद्रांकावर सही घेऊन केलेला नोटरी करार ही अट पूर्ण करत नाही.

नोंदणी व खर्च

करार दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन प्रणालीद्वारे, आधार पडताळणी करून नोंदविता येतो. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. ते एकूण शुल्क, परत न मिळणारी रक्कम आणि परतीच्या अनामतीवरील दरसाल दहा टक्के व्याज यांच्या बेरजेवर आकारतात. उदाहरणार्थ, दरमहा १२,००० रुपये भाडे, ३०,००० रुपये अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असल्यास ही बेरीज १,३४,७५० रुपये होते आणि मुद्रांक शुल्क सुमारे ३३७ रुपये येते. महानगरपालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये असून दस्त हाताळणीचा आकार वेगळा असतो. हा खर्च कोणी सोसायचा, हे बहुधा आपसात ठरते.

अनामत रक्कम आणि दलाली

अधिनियमात अनामत रकमेला कमाल मर्यादा नाही. केंद्र सरकारच्या आदर्श भाडेकरू अधिनियम, २०२१ मध्ये निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचविली आहे. तथापि तो राज्यांनी स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. घर सोडताना रंगकाम, साफसफाई किंवा मोडतोड या कारणांनी अनामतीतून कपात होते आणि बहुतेक वाद येथेच उद्भवतात. कपातीच्या बाबी, परतीची मुदत, सूचना-कालावधी आणि मुदतपूर्व घर सोडण्याची अट करारात नमूद असणे यासाठी महत्त्वाचे ठरते. ताबा घेताना पंखे, नळ, गिझर इत्यादींची यादी व वीजमापकातील नोंद कराराला जोडण्याची पद्धत आहे. भाड्याची लेखी पावती देणे कलम ३१ नुसार मालकावर बंधनकारक आहे.

दलालीची रक्कम रूढीने ठरते. ती सहसा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते.

गृहनिर्माण संस्था आणि पोलिसांना माहिती

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका भाड्याने दिल्यास संस्था सदस्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते महापालिका कर वगळून सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याबाबत शहरांतील पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात. अशी माहिती दिल्याने कराराच्या नोंदणीची आवश्यकता संपत नाही.

अडचणी

अविवाहित तरुण, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि विद्यार्थी यांना घर नाकारले जाण्याचे प्रकार आढळतात. जात, धर्म किंवा मांसाहार यांवरूनही नकार मिळतो. तो क्वचितच लेखी असल्याने दाद मागणे अवघड जाते. अनामत परत न मिळाल्यास दिवाणी दाव्याचा मार्ग असला, तरी अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्या व्यक्तीला त्याचा वेळ व खर्च परवडत नाही. परिणामी नोंदणीकृत करारातील स्पष्ट अटी हेच परवानाधारकाचे व्यवहारातील प्रमुख संरक्षण ठरते.