इराण : शोषितांच्या नावाने उभी राहिलेली धर्मसत्ता

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवस युद्ध झाले. अमेरिकेनेही त्यात उडी घेतली आणि फोर्दो, नतांझ व इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्या दिवसांत कोर्टाच्या बार रूममध्ये आणि चळवळीच्या बैठकांमध्ये आम्हाला दोनच सूर ऐकू येत होते. एक सूर असा की, इराण म्हणजे दाढीवाल्या माथेफिरूंचा देश, त्याची जिरली ते बरेच झाले. दुसरा सूर आपल्याच तरुणांचा. अमेरिकेपुढे न झुकणारा हा एकच देश आहे, म्हणून तो आपला, असे त्यांचे म्हणणे. पहिला सूर कुठून येतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. परंतु दुसरा सूर आपल्या घरातला आहे आणि म्हणूनच तो तपासला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम इराणी जनतेच्या रागाचे कारण समजून घेऊ. १९५१ साली पंतप्रधान मोहम्मद मोसादेक यांनी इंग्रजांच्या ताब्यातील तेल कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. आपल्या जमिनीतील तेल आपले, एवढाच त्यांचा गुन्हा! ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी कट करून त्यांचे सरकार उलथवले आणि शहाची गादी बळकट केली. पुढे शहाने 'सावाक' नावाची गुप्त पोलीस यंत्रणा उभारली. १९६४ साली तर असा कायदा झाला की, इराणमध्ये असलेल्या अमेरिकन लष्करी माणसाने गुन्हा केला तरी इराणी कोर्टात त्याच्यावर खटला चालणार नाही. ज्या देशात परक्याच्या गुन्ह्याला आपले कोर्ट हात लावू शकत नाही, त्या देशाला स्वतंत्र कसे म्हणावे? या कायद्याविरुद्ध जाहीर भाषण केले म्हणून आयातुल्ला खोमेनी यांना देशाबाहेर घालवण्यात आले. तेच खोमेनी १ फेब्रुवारी १९७९ रोजी परतले आणि दहा दिवसांत शहाची राजवट कोसळली.

ही क्रांती एकट्या मुल्लांनी केलेली नव्हती. त्यात तेल कामगार होते, विद्यार्थी होते, डावे होते, उदारमतवादी वकील होते आणि लाखो स्त्रिया होत्या. खोमेनी यांनी या सर्वांना एका शब्दात गुंफले. तो शब्द 'मुस्तझफीन', म्हणजे ज्यांना दुबळे करून ठेवले गेले ते. त्यांच्यासमोर 'मुस्तकबिरीन', म्हणजे माजलेले, उन्मत्त सत्ताधारी. कुराणातले हे शब्द त्यांनी झोपडपट्टीच्या आणि कारखान्याच्या भाषेत आणले. आमच्या वाचकांना या शब्दाची ताकद वेगळी सांगायला नको. दीनदुबळ्याला त्याच्या नावाने हाक मारली की तो उठून उभा राहतो. प्रश्न एवढाच की, उभा राहिल्यावर सत्ता कोणाच्या हाती जाते?

याचे उत्तर भाषणात मिळत नाही, घटनेत मिळते. वकील म्हणून आम्हाला इराणकडे पाहताना पहिली ओढ त्याच्या घटनेची आहे. १९७९ साली जो पहिला मसुदा झाला त्यात धर्मगुरूच्या सर्वोच्च सत्तेचा उल्लेखही नव्हता. नंतर तज्ज्ञांची सभा निवडली गेली, तिच्यात धर्मपंडितांचे बहुमत झाले आणि 'वलायत-ए-फकीह' म्हणजे धर्मशास्त्र्याचे राज्य हे तत्त्व घटनेत घुसवले गेले. याच काळात, ४ नोव्हेंबरला, विद्यार्थ्यांनी तेहरानमधील अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली. दोनच दिवसांत मवाळ पंतप्रधान बाझरगान यांनी राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये, अमेरिकाविरोधी लाटेवर, घटना जनमताने मंजूर झाली. ५२ ओलिसांचे बंदिवास ४४४ दिवस चालले. जग ओलिसांकडे पाहत होते. तिकडे इराणी जनता आपल्याच हाताने स्वतःला बांधून घेत होती!

या घटनेने राज्याचे दोन मजले बांधले. खालच्या मजल्यावर राष्ट्राध्यक्ष, संसद, निवडणुका, मतपेट्या. वरच्या मजल्यावर सर्वोच्च नेता. सैन्यदलांचे सरसेनापतिपद, युद्ध पुकारण्याचा अधिकार, सरन्यायप्रमुखाची नेमणूक, हे सर्व कलम ११० ने वरच्या मजल्याला दिले. मधल्या जिन्यावर बारा जणांचे पालक मंडळ बसवले. संसदेचा कायदा धर्मशास्त्रात बसतो की नाही आणि निवडणुकीला कोणी उभे राहायचे, हे या मंडळाने ठरवायचे. पुरोहितशाही याहून वेगळी काय असते? मत द्यायचे तुम्ही, पण कोणाला द्यायचे ते पुरोहित सांगणार!

आता इराण प्रादेशिक सत्ता कसा झाला, या प्रश्नाकडे येऊ. त्याचे बीजही घटनेतच आहे. कलम १४३ ने नियमित सैन्याकडे देशाचे स्वातंत्र्य आणि सीमांचे रक्षण सोपवले. कलम १५० ने मात्र 'सिपाह-ए-पासदारान' म्हणजे क्रांतिरक्षक दलाकडे क्रांतीचे रक्षण सोपवले. सीमेला कुंपण असते, क्रांतीला नसते. त्यात कलम १५४ ने जगात कुठेही मुस्तझफीनांचा लढा चालू असेल तर त्याला पाठिंबा देण्याचे वचन दिले. त्याच कलमात इतर देशांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करणार नाही, असेही लिहिले आहे. वकिली भाषेत याला दोन्ही दरवाजे उघडे ठेवणे म्हणतात.

कायद्याने दिलेला अधिकार युद्धाने प्रत्यक्षात उतरवला. २२ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेनने इराणवर हल्ला केला. पाश्चात्त्य देश आणि आखातातील राजे सद्दामच्या पाठीशी उभे राहिले. त्याने विषारी वायू वापरला तरी जगाने तोंड फिरवले. इराणकडे शहाने विकत घेतलेली अमेरिकन विमाने होती, पण सुटे भाग मिळेनात. या एकाकीपणातून इराण एक धडा शिकला. शस्त्र आपलेच हवे आणि लढाई आपल्या दारापासून दूर हवी. पुढची क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांचा उगम इथे आहे. मे १९८२ मध्ये इराणने खुर्रमशहर परत जिंकले. तेव्हाच युद्ध थांबवता आले असते. पण खोमेनी थांबले नाहीत. आणखी सहा वर्षे 'बासिज' या स्वयंसेवक दलातली गरिबांची पोरे, कित्येक तर मिसरूडही न फुटलेली, सुरुंगांच्या शेतात आणि तोफांच्या तोंडी पाठवली गेली. १९८८ साली युद्ध थांबले तेव्हा सीमा जिथे होती तिथेच राहिली. वाढले ते पासदारांचे बळ. पुढे रस्ते, धरणे, तेल यांची कंत्राटेही त्यांच्याच कंपन्यांकडे गेली.

दुसरी पायरी लेबनॉन. जून १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर आक्रमण केले आणि पासदारांची तुकडी सीरियामार्गे बेका खोऱ्यात उतरली. तेथील शिया हे त्या देशातले सर्वांत उपेक्षित लोक होते. दक्षिणेतले तंबाखू पिकवणारे शेतकरी आणि बैरुतच्या दक्षिणेकडील वस्त्यांतले मजूर. मुसा सद्र या धर्मगुरूने १९७४ सालीच त्यांची 'वंचितांची चळवळ' सुरू केली होती. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती. इराणने बी टाकले आणि हिजबुल्ला उगवली. तिने बंदुका दिल्या तशा शाळा, दवाखाने आणि पडलेली घरेही बांधून दिली. जे काम लेबनॉनच्या सरकारने कधी केले नाही ते एका सशस्त्र संघटनेने केले. मे २००० मध्ये इस्रायलला दक्षिण लेबनॉन सोडावा लागला आणि २००६ साली ३४ दिवस लढूनही हिजबुल्ला संपली नाही. इथे एक सूत्र हाती लागते. इराणचा प्रभाव केवळ पैशाने आणि शस्त्राने वाढला नाही. जिथे जिथे राज्याने एखाद्या समाजाला वाऱ्यावर सोडले, तिथे तिथे त्याला वाट मिळाली.

तिसरी पायरी मात्र खुद्द अमेरिकेने बांधून दिली! २००१ साली तिने पूर्वेकडील वैरी तालिबानला हटवले आणि २००३ साली पश्चिमेकडील वैरी सद्दामला. इराकमध्ये बहुसंख्य शियांना प्रथमच मताने सत्ता मिळाली, आणि सद्दामच्या छळामुळे ज्यांनी इराणात आसरा घेतला होता ते नेते बगदादच्या खुर्च्यांवर बसले. जे आठ वर्षांच्या युद्धात इराणला जमले नाही ते शत्रूच्या मूर्खपणाने आयते मिळाले. २०१४ साली इसिसने मोसूल घेतले तेव्हा इराणने पोसलेल्या शिया पथकांनी त्याविरुद्ध शस्त्र उचलले आणि पुढे ती इराकी राज्याचाच भाग झाली. त्याच वर्षी येमेनमध्ये हुतींनी सना ताब्यात घेतले. कुद्स फोर्सचे सेनापती कासिम सुलेमानी हे या साऱ्या जाळ्याचे सूत्रधार होते. अमेरिकेने ३ जानेवारी २०२० रोजी त्यांना बगदादमध्ये ठार केले. तोपर्यंत तेहरानपासून भूमध्य समुद्रापर्यंत इराणचा शब्द चालत होता. याची झळ आपल्यापर्यंतही पोहोचली. नोव्हेंबर २०२३ पासून हुतींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि न्हावा-शेव्याहून युरोपला जाणाऱ्या मालाला आफ्रिकेचा वळसा घालावा लागला.

इथवर वाचून आमचे तरुण मित्र म्हणतील, "बघा, आम्ही म्हणत होतो तेच! शोषितांच्या बाजूने उभा राहिलेला देश." थांबा. आता सीरियाकडे पाहा. २०११ साली सीरियातील सामान्य माणसे बशर अल असद यांच्या हुकूमशाहीविरुद्ध रस्त्यावर आली. मुस्तझफीन कोण होते? रस्त्यावरची माणसे. इराण कोणाच्या बाजूने उभा राहिला? राजवाड्याच्या. कारण हिजबुल्लाकडे शस्त्रे जाण्याचा रस्ता सीरियातून होता. असदची गादी वाचवायला इराणने कोणाला पाठवले? आपल्या देशात आश्रयाला आलेल्या गरीब अफगाण हजारा निर्वासितांना. पगाराचे आणि राहण्याच्या परवान्याचे आमिष दाखवून त्यांची 'फातिमियून' नावाची पथके उभारली. पीडितांच्या नावाने स्थापन झालेल्या राज्याने पीडितांची पोरे दुसऱ्या पीडितांवर घातली!

आणि घरात काय चालले होते? ज्या तुदेह या कम्युनिस्ट पक्षाने साम्राज्यवादविरोधासाठी खोमेनींची पाठराखण केली, त्याच पक्षावर १९८३ साली बंदी आली. १९८८ च्या उन्हाळ्यात तुरुंगातील हजारो राजकीय कैद्यांना फासावर चढवले. त्याला विरोध केला म्हणून खोमेनींचे नियोजित वारस आयातुल्ला मोन्तझेरी यांचे वारसपद गेले. पुढे नेत्याने सर्वोच्च दर्जाचा धर्मपंडित असावे ही अटच घटनेतून काढली आणि १९८९ साली अली खामेनी यांना त्या जागी बसवले. धर्मासाठी सत्ता म्हणणारे सत्तेसाठी धर्माची अट कशी सोडतात, याचा हा लेखी पुरावा आहे. शिरीन इबादी या न्यायाधीश होत्या. स्त्री न्यायाधीश होऊ शकत नाही म्हणून त्यांना खुर्चीवरून उतरवून त्याच कोर्टात कारकुनी काम दिले गेले. बहाई समाजाला तर घटनेने धर्म म्हणून मान्यताच दिली नाही.

आम्ही एकांगी लिहिणार नाही. क्रांतीनंतर इराणच्या खेड्यांत वीज, रस्ते आणि आरोग्य केंद्रे गेली. मुली मोठ्या संख्येने विद्यापीठात गेल्या. हे खरे आहे. परंतु शिकलेल्या मुलीला डोक्यावरचे कापड स्वतः ठरवण्याचा अधिकार नसेल तर ते शिक्षण तिला एक दिवस रस्त्यावर आणणारच. १६ सप्टेंबर २०२२ रोजी महसा अमिनी ही बावीस वर्षांची कुर्द तरुणी पोलीस कोठडीत नेल्यानंतर मरण पावली आणि 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा देशभर घुमली. उत्तर म्हणून गोळ्या आणि फास मिळाले. त्याही आधी निदर्शक विचारत होते की, आमचा पैसा गाझा आणि लेबनॉनमध्ये का जातो, आमच्या ताटात का येत नाही?

मग हा डोलारा हलला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी हिजबुल्लाचे नेते हसन नसरल्ला मारले गेले. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद पळाले. तेरा वर्षे रक्त सांडून वाचवलेली गादी अवघ्या काही दिवसांत कोसळली, कारण तिच्यासाठी लढायला तिची स्वतःची फौजही तयार नव्हती. आणि सहा महिन्यांत बॉम्ब थेट तेहरानवर पडले. घरापासून दूर ठेवलेली लढाई अखेर घरात आली.

इस्रायल आणि अमेरिकेचे ते हल्ले न्याय्य होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १९५३ ची पापे बॉम्बने धुतली जात नाहीत आणि आकाशातून लोकशाही पडत नाही. परंतु साम्राज्यवादाचा शत्रू तो आपोआप शोषितांचा मित्र, हा हिशेब चुकीचा आहे. तुदेहवाल्यांनी तो मांडला आणि तुरुंगात त्याची किंमत मोजली.

म्हणून आमच्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. उद्या कोणीही, कोणत्याही धर्माच्या वा पक्षाच्या झेंड्याखाली, शोषितांच्या नावाने हाक मारू लागला तर टाळी वाजवण्याआधी त्याची घटना मागून घ्या. सर्वांत वरच्या माणसाला सामान्य माणूस मताने खाली उतरवू शकतो काय? त्याच्या विरोधात निकाल देणारा न्यायाधीश दुसऱ्या दिवशी खुर्चीवर राहू शकतो काय? स्त्रीची आणि वेगळ्या धर्माच्या माणसाची साक्ष तिथे पूर्ण धरली जाते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशी असतील, तर त्या राज्याच्या तोफा कितीही लांब मारा करोत, त्यांची पहिली गोळी घरातल्या शोषितालाच लागणार आहे.