संत्र्याचा बहार : जमीन, पाणी आणि हवामान यांचा हिशेब

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे दोन-चार एकर शेती आहे. नोकरी शहरात असली तरी त्या तुकड्यावर फळबाग लावावी, निवृत्तीनंतर तिचा आधार व्हावा, असे पुष्कळांना वाटते. नागपूर व अमरावती जिल्ह्यांत तर बाग म्हटली की संत्राच डोळ्यांसमोर येतो. परंतु संत्रा हे घाईचे पीक नाही. कलम लावल्यानंतर पाच-सहा वर्षे खर्चच करावा लागतो व त्यानंतर उत्पन्न सुरू होते. जागेची निवड चुकली तर ते सहाव्या-सातव्या वर्षी कळते, आणि तेव्हा झाड उपटून दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून जमीन, पाणी, थंडी व ऊन यांचा या झाडावर काय परिणाम होतो, याचा आपण येथे थोडक्यात विचार करू.

जमीन : मुळांनाही हवा लागते

काळी कसदार जमीन सर्व पिकांना चांगली, हा समज संत्र्याच्या बाबतीत खरा नाही. संत्र्याची अन्न शोषणारी बारीक मुळे बहुतांशी वरच्या एक ते दीड फूट थरात असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. अतिभारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, मातीतील हवा नाहीशी होते, मुळे गुदमरतात. अशा ओलसर मातीत फायटोप्थोरा ही बुरशी वाढते. मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक वाहू लागतो आणि शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. यासच शेतकरी डिंक्या व सल म्हणतात.

तीन ते पाच फूट मध्यम काळी माती आणि खाली पाण्याचा निचरा करणारा मुरूम, अशी जमीन उत्तम. मातीत चुनखडीचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास लोह व जस्त मातीत असूनही झाडाला मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधली पाने पिवळी, हे त्याचे लक्षण. म्हणून कलमे विकत घेण्यापूर्वी खड्डा खोदून खालचे थर पाहावेत व मातीची तपासणी करून घ्यावी. जमीन भारीच असेल तर गादीवाफ्यावर लागवड करून उताराच्या दिशेने चर काढावेत.

ताण : फुलांचे रहस्य

विदर्भात संत्र्याला मुख्यतः दोन वेळा फुले येतात. जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबिया बहार व जून-जुलैत येतो तो मृग बहार. पाणी, खत आणि ऊब सतत मिळत राहिली तर झाड नवी पालवी काढत राहते, फुलांकडे वळत नाही. वाढ थांबली की पानांनी तयार केलेले अन्न खर्च न होता फांद्यांत साठते, आणि डोळे पालवीऐवजी फुलांसाठी तयार होतात. ही वाढ थांबविण्याच्या क्रियेलाच ताण देणे म्हणतात.

आंबिया बहारात निसर्ग स्वतःच मदत करतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १०-१२ अंशांपर्यंत उतरते व वाढ मंदावते. त्यात आपण पाणी बंद ठेवले की ताण पूर्ण होतो. मृग बहाराच्या वेळी थंडी नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो, म्हणून तेथे सारी भिस्त पाणी तोडण्यावर असते. हलक्या जमिनीत तीन-चार आठवड्यांत ताण बसतो, तर भारी जमीन ओल धरून ठेवत असल्याने दीड-दोन महिने लागतात. पाने मलूल होऊन साधारण पाव हिस्सा गळली की ताण पुरेसा झाला असे समजावे. त्यापुढे ताणल्यास फांद्या वाळतात. ताण तोडताना पहिले पाणी हलके द्यावे व नंतर हळूहळू वाढवावे.

येथेच हवामानाची लहर आडवी येते. जानेवारीत ढगाळ हवा व अवकाळी पाऊस झाला, किंवा मे महिन्यातच वळवाचा जोरदार पाऊस पडला, तर ताण अर्धवट तुटतो आणि फुलांऐवजी पालवी फुटते. मृगाचा पहिला पाऊस पडून पुढे मोठा खंड पडला तर आलेली फुले गळतात. अशा वेळी हाताशी थोडे तरी पाणी असावे लागते.

कोणता बहार घ्यावा ?

याचे उत्तर विहिरीत आहे. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये निघतात, पण त्यांना संपूर्ण उन्हाळाभर पाणी हवे. पाणी कमी पडले की कडक उन्हात लहान फळे गळतात. मृग बहाराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मिळतात. त्यांना उन्हाळ्यात पाणी नको, हिवाळ्यात मात्र हवे. रात्री थंड असल्याने सालीतील हिरवेपणा जाऊन नारिंगी रंगही चांगला चढतो. उन्हाळ्यात विहीर आटणाऱ्यांनी आंबियाच्या मोहात पडू नये. तसेच दोन्ही बहार एकाच झाडावर घेऊ नयेत. दोन वर्षे पैसा दिसतो, पण झाड खंगते.

वरूड-मोर्शी भागात बागांसाठी वर्षानुवर्षे भूजलाचा उपसा झाला, पाणी खोल गेले आणि अनेक जुन्या बागा वाळल्या. शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर खणणे हा यावरील उपाय नव्हे. झाडाभोवती गवत किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन, ठिबक सिंचन व शेतातले पाणी शेतातच मुरविणे, हेच टिकाऊ उपाय आहेत.

लक्षात ठेवण्यासारखे

१) कलम खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे. डोळा जमिनीपासून किमान २५ सें.मी. उंचीवर भरलेला असावा.

२) पाणी बुंध्याला लागू देऊ नये. दुहेरी आळे पद्धतीने बुंध्याभोवतीची जागा कोरडी ठेवावी.

३) पावसाळ्यापूर्वी व नंतर बुंध्यास एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे. प्रमाण : १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी.

४) पाच वर्षांखालील झाडांवर बहार धरू नये.

५) आजारी किंवा सल असलेल्या झाडास ताण देऊ नये. आधी त्याची प्रकृती सुधारावी.

नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथे या पिकावर संशोधन होते. लागवडीपूर्वी तेथील तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा. ऐकीव माहितीवर कर्ज काढून बाग लावणे परवडणारे नाही.

ताण हा निरोगी झाडाला, मोजून व वेळेवर दिला तरच फुले देतो. अशक्त झाडाला तोच ताण मारक ठरतो. म्हणून बाग ही केवळ रविवारी पाहून यायची वस्तू नव्हे. पानांची मलूलता, मातीची ओल आणि आभाळाचा रंग रोज पाहणारा माणूस बागेत असेल, तरच संत्र्याच्या वाटेला जावे. तो नसेल तर कोरडवाहू सीताफळ किंवा बोर यांचा विचार करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.