स्पंज गेला, पोकळी उरली

व्हर्सायच्या राजवाड्यातला काही लाल संगमरवर दक्षिण बेल्जियममधल्या रांसच्या परिसरातून आलेला आहे. व्यापाराने त्याला संगमरवर ठरवलं, पण मुळात तो चुनखडक. सुमारे 37–38 कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळात, समुद्रतळावर चुन्याच्या गाळाची टेकाडं वाढली. काहींची जाडी 60 मीटरच्या वर जाते.

या दगडाची घासून चकचकीत केलेली फरशी पाहिली, की लालसर पार्श्वभूमीवर पांढरे-करडे ठिपके दिसतात. ठिपक्याची खालची कड पाणसळ लावल्यासारखी सपाट असते, वरची मात्र वेडीवाकडी, बोटं फुटल्यासारखी. तळाशी बारीक गाळाचा थर, त्यावर भिंतीपासून आत वाढत गेलेले कॅल्साइटचे तंतुमय स्फटिक आणि अगदी मध्ये मोठे, स्वच्छ स्फटिक. म्हणजे इथे कधीकाळी पोकळी होती, आणि ती टप्प्याटप्प्याने भरत गेली.

1881 मध्ये भूशास्त्रज्ञ एदुआर द्युपों यांना हा ठिपका म्हणजे एखादा प्राणीच वाटला. त्यांनी त्याला ‘स्ट्रोमॅटॅक्टिस’ असं नावही देऊन टाकलं. प्राणी काही सापडला नाही, नाव मात्र चिकटलं. मग तर्कांची रांग लागली: गाळातलं पाणी पिळून निघताना झालेल्या जागा, तळावर घट्ट झालेल्या पापुद्र्यांखालचा गाळ वाहून गेल्याने उरलेल्या जागा (हे बॅथर्स्ट यांचं 1980 मधलं म्हणणं), गाळाची आतल्या आत झालेली धूप.

1983 मध्ये बूर्क आणि जिनियाक यांनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातील गास्पे इथल्या, सिलुरियन काळातल्या अशाच टेकाडांवरून स्पंजाचा धागा पुढे आणला. मला हा धागा सर्वांत पटतो, कारण तो पोकळीच्या आकाराबद्दलही काही सांगतो. स्पंज मेला की त्याचं मऊ शरीर कुजू लागतं. ऑक्सिजन संपल्यावर सल्फेटवर जगणारे जीवाणू कामाला लागतात, आजूबाजूच्या पाण्याची अल्कता वाढते आणि कुजणाऱ्या ऊतींतच कॅल्शियम कार्बोनेट साचतं. शरीराचा काही भाग असा दगड होतो. उरलेला सडून जातो आणि तिथे जागा रिकामी होते. स्पंजाच्या शरीरातल्या सिलिकाच्या सुया पुढे विरघळल्या, तरी त्यांचे ठसे कडक झालेल्या भागात राहू शकतात. छत वाकडंतिकडं का, तर ते शरीराच्या कडक झालेल्या भागाचं. तळ सपाट का, तर पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यांतून पाणी खेळतं आणि आणलेला गाळ खाली सोडतं. पुढचं काम समुद्राच्या पाण्यातून साचणारं कॅल्साइट करतं.

एवढ्याने वाद मिटला असं नाही. 2005 मध्ये ह्लादिल यांनी वेगवेगळ्या आकारांच्या कणांचा चिखल पाण्यात ढवळून खाली बसू दिला, आणि स्पंजाचा मागमूस नसताना तशाच धाटणीच्या पोकळ्या तयार झाल्या. नुसता आकार पाहून निकाल देणाऱ्यांना हा चांगलाच चाप आहे.

म्हणून मला बेल्जियमच्या टेकाडांतला खालून वर जाणारा क्रम जास्त बोलका वाटतो. लाल तळभागात स्पंज आणि पोकळ्या दोन्ही मुबलक. टेकाड उथळ पाण्याकडे वाढत गेलं तसे प्रवाळ आणि क्रिनॉइड आले, दगडाचा लाल रंग फिका होत करडा झाला, स्पंज मागे पडले आणि त्यांच्याबरोबर पोकळ्याही. ढवळलेल्या चिखलाच्या प्रयोगातून या क्रमाचा उलगडा होत नाही.