स्लो ट्रॅव्हल, व्हाया कृष्णाकाठ

मे महिना आला की आमच्या ऑफिसात एकच टॉपिक असतो, 'युरोप, दहा दिवस, सात देश'! परत आलेला कलीग फोटो दाखवायला बसतो आणि तिसऱ्या चर्चनंतर त्याचा त्यालाच पत्ता नसतो, हे प्राग की व्हिएन्ना? पहाटे पाचला वेक-अप कॉल, बसमध्ये डुलक्या, उतरून वीस मिनिटं फोटो, पुन्हा बस. बॉस, ही सुट्टी की डेडलाइन?

गंमत म्हणजे यावरचा उतारा युरोपातल्याच मंडळींनी शोधला. १९८६ मध्ये रोमच्या ऐतिहासिक चौकात मॅकडोनाल्ड्स येणार म्हटल्यावर कार्लो पेत्रिनी आणि त्याच्या साथीदारांनी विरोध केला. त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. १९९९ मध्ये इटलीतल्या काही छोट्या गावांनी 'चित्तास्लो' म्हणजे निवांत शहरांचा गट काढला. त्यात शिरायचं तर लोकवस्ती ५०,००० च्या आत हवी. स्लो ट्रॅव्हलचा फंडाही त्याच घरातला. गावं कमी, मुक्काम जास्त, आणि जमेल तेवढं पायी.

५०,००० च्या आत? म्हणजे आपली वाई बसते की! मी चार दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं, एकच नदी धरायची. ते लोक ऱ्हाइन धरतात, आपण कृष्णा. वाई ते मिरज.

वाईला सगळे ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन महाबळेश्वरला पळतात. तुम्ही फक्त देवळाच्या मागे जाऊन बघा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे. पुराचं पाणी तिच्या टोकावर येऊन दोन्हीकडे फाकतं आणि देऊळ शाबूत राहतं. अडीचशे वर्षांपूर्वीचं हे इंजिनिअरिंग गणपतीकडे पाठ केल्याशिवाय दिसत नाही!

तिथून जवळच मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट 'स्वदेस'मुळे सगळ्यांना माहीत झाला. पण घाटावरची घंटा वाचायला कुणी थांबत नाही. हो, वाचायला. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. चर्चची घंटा महादेवाच्या दारात. युरोप बघायचाच असेल तर सुरुवात इथूनही होते.

साताऱ्याला दोन मुक्काम केले. पहिला दिवस लिंबच्या बारामोटेच्या विहिरीत गेला. 'विहिरीला दिवस?' असं म्हणू नका. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, विरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली ही विहीर म्हणजे पाण्यावरचा महाल आहे. आत दगडी जिना, दालन, खांबांवर कोरीव हत्ती-वाघ. सकाळी उजेड एका भिंतीवर असतो आणि दुपारी थेट पाण्यात उतरतो. रील काढणारे दहा मिनिटांत आले नि गेले. त्यांना फक्त एकच भिंत मिळाली.

दुसऱ्या दिवशी संगम माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, काळ्या दगडातली देवळं आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. संध्याकाळी राजवाड्याजवळ कंदी पेढे. (मोजून चार खायचे ठरवलं होतं. जाऊ दे.)

सातारा स्टेशन गावात नाही, ते माहुलीकडेच आहे. म्हणून पुढे ट्रेन. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे, पण मी उतरले नाही. सगळं बघायचंच, या हट्टापासूनच तर सुट्टी घेतली होती!

सांगलीत नाटकवाल्यांनी तरी एक दिवस काढायलाच हवा. ५ नोव्हेंबर १८४३ ला इथेच विष्णुदास भाव्यांनी, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, 'सीतास्वयंवर' केलं. मला मात्र हरिपूर जास्त भावलं. कृष्णा-वारणेचा संगम, 'शारदा'कार देवलांचं गाव. आणि इथली पेवं! पेव म्हणजे जमिनीखालची कोठी, तोंड अरुंद आणि पोट मोठं. हळद आत भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं टिकायची. उघडल्यावर आधी आत हवा खेळू द्यायची, मगच माणूस उतरायचा. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली आणि हळद गोदामांत गेली. वरून बघाल तर नुसतं मोकळं रान. जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय काही कळणार नाही, आणि दाखवणारी माणसं आता वयस्कर आहेत.

शेवटी मिरज. इथल्या सतारमेकर गल्लीत मी अख्खी दुपार बसले. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांची कामं बसली, तेव्हा फरीदसाहेबांनी सतारी बनवायला सुरुवात केली. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो वाळवायचा, पाण्यात भिजवून तोंडाला आकार द्यायचा, लाकडी गळा जोडायचा, मग कोरीवकाम, पॉलिश. सगळ्यात शेवटी जवारी. तारा जिथे टेकतात ती घोडी कारागीर कानसने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. माझ्या कानाला तिन्ही वेळा आवाज सारखाच वाटला. चौथ्यांदा तार छेडली आणि अख्खी खोली गुंजली! तो मात्र मान हलवून पुन्हा घासायला लागला.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. पण मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप फुकटात मिळतं, तेव्हा खऱ्या तंबोऱ्यासाठी कोण थांबणार? गल्लीतल्या तरुण पोरांचा प्रश्न साधा आहे. जवारी कानात बसायला वर्षं जातात, तोवर घर कशावर चालवायचं? मानांकनाच्या सर्टिफिकेटपेक्षा ऑर्डरची त्यांना जास्त गरज आहे.

जायचंच असेल तर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसाची तारीख बघून जा. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली मोठमोठे कलाकार गातात-वाजवतात. सतरंजीवर जागा मिळवायची तर लवकर पोहोचा.