चोवीस कंपनांत एक सूर

मँडरिन चिनीत सूर वगळून मोजले तर वेगवेगळे उच्चार भरतात जेमतेम 400. इंग्रजीत असे एकेका दमात निघणारे उच्चार दहा हजारांच्या पुढे जातात. चारशेंना चार सूर लावले तरी मँडरिनचा आकडा 1,300च्या आसपास अडकतो, कारण प्रत्येक उच्चार चारही सुरांत येत नाही. उलट, चीनने 1988 साली काढलेल्या नेहमीच्या वापरातल्या लिपिचिन्हांच्या यादीत चिन्हं आहेत 7,000. भागाकार करून पाहा. सुरासकट एका उच्चारामागे सरासरी पाच चिन्हं, आणि सूर निसटला की सतरा! ‘माइ’ खोल नेऊन उचलला तर विकत घेणे, वरून झपकन खाली टाकला तर विकणे. भर बाजारात ही गल्लत परवडायची कशी?

मँडरिन बोलणारा सेकंदाला साधारण पाच उच्चार करतो. एकेकाच्या वाट्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा. पुरुषाचा आवाज सेकंदाला 120 वेळा कंप पावतो असं धरलं, तर अख्खा सूर ओळखायला कानाला मिळतात 24 कंपनं. ती तरी केवढी? साध्या गप्पांमुळे हवेच्या दाबात पडणारा फरक वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागाइतका असतो.

आता समजा, गोल टेबलाभोवती आठ जण एकदम बोलताहेत. कानाच्या पडद्यावर आठ आवाज वेगवेगळे येत नाहीत, सगळ्यांची मिळून एकच थरथर येते. ती सोडवायला दोन कान कामी येतात. डावीकडचा आवाज उजव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाने उशिरा पोहोचतो, आणि माणूस त्याहूनही कितीतरी बारीक, एक लाखांश सेकंदाचा फरक टिपू शकतो.

गंमत म्हणजे, मागे बोलणारे वाढले म्हणून घोटाळा त्याच प्रमाणात वाढत नाही. खूप जण बोलले की नुसता कलकलाट होतो. दोघंच बोलत असले की त्यांचे शब्द कळतात, आणि मन तिकडे ओढलं जातं.

सूर हे चिनी ऐकणाऱ्यावरचं जादा ओझं, असं आपल्याला वाटेल. मला तसं वाटत नाही. मँडरिन वाक्यांतले सुरांचे चढउतार पुसून ती एकाच पट्टीत ऐकवली, तर शांत खोलीत जवळपास सगळी कळतात. संदर्भ सांभाळून घेतो. गोंगाट मिसळला की मात्र आकलन घसरतं. गर्दीत सूर आधारच देतो.

ज्यांच्याकडे हा आधार लंगडा आहे त्यांचं काय होत असेल? निरोगी कानात आवाज टिपून मेंदूकडे धाडणाऱ्या पेशी सुमारे 3,500 असतात. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांट या यंत्रामध्ये त्यांचं काम करतात फक्त 12 ते 24 इलेक्ट्रोड. त्यांतून शब्द बऱ्यापैकी पोहोचतात, सूर फार पुसट पोहोचतो. असं यंत्र लावलेलं कुणी समोर असेल, तर भाषा कुठलीही असो, एका वेळी एकानंच बोला.