शेजार, वर्ग आणि न्यायालय : चामराजपेटच्या निमित्ताने शालेय विलगतेचा विचार

शाळांमधील विलगता आणि ती मोडण्यासाठी न्यायसंस्थेने केलेला हस्तक्षेप या विषयाची चर्चा निघाली की अमेरिकेतील १९५४ सालचा ब्राऊन खटला प्रथम आठवतो. वंशाच्या आधारे मुलांना वेगळ्या शाळांत बसवणे संविधानाच्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. पुढच्याच वर्षी त्याच्या अंमलबजावणीविषयी दिलेल्या आदेशात मात्र कोणतीही निश्चित मुदत घातली नाही. त्यातून निर्माण झालेला सुमारे दीड दशकाचा विलंब, १९७१ च्या स्वान खटल्यानंतर मुलांना बसगाड्यांतून शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याची योजना, आणि १९७४ मध्ये बोस्टन शहरात त्या योजनेला झालेला हिंसक विरोध हा सारा इतिहास परिचित आहे. भारतीय संदर्भात याला समांतर असे काही आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच नीट मांडला जातो. बंगळूर शहरातील चामराजपेटसारख्या जुन्या वस्तीच्या संदर्भात तो मांडला असता काही अनपेक्षित गोष्टी हाती लागतात.

चामराजपेट हा बंगळूरचा पहिला नियोजित विस्तार मानला जातो. किल्ला आणि जुनी पेठ यांच्या पश्चिमेस १८९२ मध्ये त्याची आखणी झाली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम हे विस्तार आले. त्यांच्या भूखंडवाटपात जातसमूहांनुसार विभागणी झाल्याचे नगरेतिहासाचे अभ्यासक नोंदवतात. त्याआधीच, १८०९ पासून, ब्रिटिश छावणी वेगळी वसलेली होती. पेठ आणि छावणी ही दोन शहरे १९४९ मध्ये एका महानगरपालिकेत आली, तरी त्यांची भाषा, बाजार आणि शाळा यांचे वेगळेपण टिकून राहिले. जानकी नायर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंगळूरच्या विसाव्या शतकाच्या इतिहासात या दुभंगाची सविस्तर चर्चा आहे.

परंतु चामराजपेटचा दुभंग पेठ-छावणीसारखा लांबचा नाही. येथे कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे, आर. कल्याणम्मा यांनी स्थापन केलेला 'मक्कळ कूट' आहे, सरळ आखलेले रस्ते आणि जुनी प्रतिष्ठित घरे आहेत. आणि पायी जाण्याच्या अंतरावर जगजीवनराम नगर, पादरायनपुरा, वाल्मीकिनगर अशा दाट, प्रामुख्याने मुस्लिम व दलित श्रमिकांच्या वस्त्या आहेत. येथील ईदगाह मैदानाच्या मालकीचा वाद २०२२ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि ३० ऑगस्ट रोजी जैसे थे स्थितीचा आदेश निघाला. एका मैदानासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला संध्याकाळच्या सुमारास निर्णय द्यावा लागतो, यावरून या शेजाराची घनता आणि त्यातील ताण दोन्ही कळतात. पुढे ज्या 'शेजार' या संकल्पनेचा विचार करावयाचा आहे, तिची पार्श्वभूमी ही अशी आहे.

या चर्चेचा आरंभ १९५४ पासून करणे मराठी वाचकाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. तो त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, आजच्या कर्नाटकातल्याच पण तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाड येथे होतो. १८५६ च्या जूनमध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. इतर मुले शाळा सोडून जातील या भयाने मुंबई सरकारने तो नाकारला. हिंदुस्थान सरकारने या निर्णयाविषयी नापसंती दर्शवली आणि १८५८ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाने सरकारी शाळांत केवळ जातीच्या कारणाने प्रवेश नाकारता येणार नाही, हे तत्त्व मान्य केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात या प्रकरणाची तपशीलवार मांडणी केली आहे. म्हणजे तत्त्वतः शाळेचे दार येथे ब्राऊन निर्णयाच्या शहाण्णव वर्षे आधी उघडले होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला, त्यात पाणवठे, न्यायालये, दवाखाने यांच्याबरोबर शाळांचाही समावेश होता.

तथापि, दार उघडले म्हणजे वर्ग एक झाला असे नव्हे. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागणे आणि शिपाई हजर नसला तर पाण्यावाचून राहावे लागणे, हा आंबेडकरांनीच लिहून ठेवलेला अनुभव सर्वज्ञात आहे. अमेरिकेतील विलगता इमारतींची होती. पश्चिम व दक्षिण भारतातील विलगता एकाच छपराखालची होती, गोणपाट आणि घागर हीच तिची सीमारेषा होती. म्हणूनच दोन्हीकडील आत्मचरित्रात्मक लेखनात शाळेचे दृश्य वेगळे दिसते. लिटल रॉक येथील शाळेत १९५७ मध्ये सैन्याच्या संरक्षणात प्रवेश केलेल्या नऊ विद्यार्थ्यांपैकी एक असलेल्या मेल्बा पॅटिलो बील्स यांच्या १९९४ मधील आत्मकथनात नाट्याचे केंद्र शाळेचे प्रवेशद्वार आणि त्याबाहेरचा जमाव हे आहे. दया पवार यांचे 'बलुतं', लक्ष्मण माने यांचे 'उपरा' किंवा शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' यांत प्रवेशद्वारापेक्षा आतली जागा, गुरुजींची नजर आणि हजेरीपटावरचे नाव यांना महत्त्व आहे. कन्नडमध्ये सिद्धलिंगय्या यांच्या 'ऊरु केरी' या शीर्षकातच गाव आणि गावाबाहेरची वस्ती हे द्वैत आहे. 'केरी' या शब्दाचे मराठीत 'महारवाडा' असे भाषांतर करणे सोपे असले तरी पुरेसे नाही, कारण शहरात आलेली 'केरी' ही गावकुसाबाहेर राहत नाही, ती विस्ताराच्या मागच्या रस्त्याला येऊन चिकटते. श्रीरामपुऱ्यात वाढलेल्या या कवीला हे वेगळे सांगण्याची गरज पडली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १९९० नंतर, विलगतेने पुन्हा इमारतीचे रूप घेतले. या वेळी जातीचे नाव घेतले गेले नाही. शुल्क आणि माध्यम या दोन गोष्टींनी ते काम केले. जुन्या वस्तीतील सरकारी कन्नड किंवा उर्दू शाळा आणि शेजारचीच खासगी इंग्रजी शाळा यांतील अंतर रस्त्याच्या रुंदीएवढे, पण मुलांची सामाजिक रचना जवळजवळ पूर्ण भिन्न, ही स्थिती भारतातील बहुतेक शहरांप्रमाणे येथेही आली.

या टप्प्यावर २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम येतो. त्याच्या कलम १२ मधील पोटकलम (१), खंड (ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा शेजारच्या दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मोफत शिकवावयाचे. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ही तरतूद वैध ठरवली. भारतीय प्रकरणाचा अमेरिकेशी असलेला मूलभूत फरक येथे लक्षात घेतला पाहिजे. तेथे न्यायालयाने आदेश दिला आणि विधिमंडळांनी विरोध केला. येथे विधिमंडळाने कायदा केला, न्यायालयाने तो उचलून धरला, आणि मग न्यायालय व राज्य यांनी मिळून त्यातून एकेक शाळा वजा करीत नेली.

दुसरा फरक अधिक मार्मिक आहे. अमेरिकेत 'शेजारची शाळा' हे विलगतेच्या समर्थकांचे घोषवाक्य होते. वस्त्याच वेगळ्या असल्याने शेजारची शाळा म्हणजे आपल्यासारख्यांची शाळा, असा त्याचा अर्थ. म्हणून बसगाडी आवश्यक ठरली. १९७४ च्या मिलिकेन निर्णयाने डेट्रॉइट शहर आणि त्याची उपनगरे यांतील शालेय सीमा ओलांडण्यास नकार दिला तेव्हा बसगाडीही थांबली. भारतीय कायद्याने नेमके उलट केले. त्याने शेजार हेच एकत्र आणण्याचे साधन मानले. चामराजपेटसारख्या ठिकाणी ही कल्पना कागदावर तरी अतिशय समर्पक होती. बसगाडीची गरज नव्हती; वेगवेगळ्या थरांतील मुले आधीच एका किलोमीटरच्या आत राहत होती.

२०१२-१३ पासून कर्नाटकात हे प्रवेश सुरू झाले. त्याच वर्षीच्या जुलैत बंगळूरमधील एका खासगी शाळेत या कोट्यातून आलेल्या मुलांचे केस ओळखू येतील असे कापल्याचा आरोप झाला आणि वृत्तपत्रांतून त्यावर मोठे वादंग माजले. आरोपाचा निवाडा काहीही असो, गोणपाटाची आठवण त्या वेळी अनेकांना झाली असणार. याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही आहे. दिल्लीतील अशाच तरतुदीचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी केला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली संपन्न घरची मुले अधिक उदार होतात आणि भेदभाव कमी करतात, असे त्यात आढळले. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना ती मुले अधिक वेगाने धावणाऱ्या गरीब मुलाला केवळ गरीब म्हणून वगळण्याची शक्यता कमी होती. शिक्षणाच्या दर्जावर परिणाम होईल ही पालकांची भीती त्या अभ्यासात फारशी खरी ठरली नाही. समाजशास्त्रीय पुराव्यांत एवढा साधा आणि बोलका प्रसंग क्वचितच सापडतो.

६ मे २०१४ हा दिवस या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. त्या एकाच दिवशी, एकाच पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन निर्णय दिले आणि दोहोंचा कर्नाटकावर खोल परिणाम झाला. प्रमती खटल्यात २००९ चा अधिनियम अल्पसंख्याक शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागूच होत नाही असे ठरले. दुसऱ्या निर्णयात, १९९४ पासून चालत आलेले कर्नाटकाचे माध्यमविषयक धोरण रद्द झाले. प्राथमिक स्तरावर मातृभाषेची सक्ती राज्य करू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निर्णयांची चर्चा सहसा वेगवेगळी होते: एकाची शिक्षणहक्काच्या अभ्यासकांत, दुसऱ्याची भाषाभिमान्यांत. वस्तुतः ते एकत्र वाचले पाहिजेत. शहरातील मुलांना एका वर्गात आणू शकणारी दोन सूत्रे होती, समान शाळा आणि समान माध्यम. स्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांचे हक्क या दोन्ही आदरणीय तत्त्वांच्या आधारे ती दोन्ही एकाच दिवशी सैल झाली.

मराठी भाषकांच्या दृष्टीने यात एक अडचणीची गोष्ट आहे. २००२ च्या टी. एम. ए. पै निर्णयानुसार भाषिक अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरते. त्यामुळे मराठी भाषकांनी चालवलेली शाळा बंगळूरमध्ये अल्पसंख्याक ठरू शकते आणि २५ टक्क्यांच्या बंधनातून मुक्त होते. पुण्यात तीच संस्था त्या बंधनात असते. शहाजीराजांच्या काळापासून या शहराशी नाते सांगणाऱ्या, पेठेत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या भावसार, नामदेव शिंपी इत्यादी समाजांच्या घरात बोलली जाणारी कन्नडमिश्रित मराठी आज कोणत्याही शाळेच्या माध्यमाशी जुळत नाही. भाषेच्या रक्षणासाठी दिलेला हक्क हा शेजाऱ्याच्या मुलाला दूर ठेवण्याचे साधन व्हावा काय, हा प्रश्न केवळ कन्नडिगांचा वा मुस्लिमांचा नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने प्रमती निर्णयाच्या अचूकतेविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठाकडे पाठवावा असे म्हटले. आणि ज्या प्रकरणात हे घडले ते महाराष्ट्रातील होते.

शेवटची वजाबाकी शेजाराच्या व्याख्येतच झाली. कर्नाटक सरकारने नियमांत दुरुस्ती करून, शेजारात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर २५ टक्क्यांचे बंधन राहणार नाही असे ठरवले. सरकारी शाळा ओस पडत असताना खासगी शाळांना शुल्काची भरपाई देत राहणे सयुक्तिक नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. ३१ मे २०१९ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली व या कोट्यातील प्रवेश एकदम घसरले. नव्या उपनगरांपेक्षा याचा फटका जुन्या वस्त्यांना अधिक बसणे क्रमप्राप्त होते. जेथे शंभर वर्षांची शाळापरंपरा आहे, जेथे किल्ल्याजवळचे १९०७ चे सरकारी हायस्कूल आजही उभे आहे, तेथे शेजारात सरकारी वा अनुदानित शाळा नाही असे होणारच नाही. ज्या वस्तीत भिन्न थरांची मुले सर्वाधिक जवळ राहतात, तीच वस्ती या नियमाने तरतुदीबाहेर गेली.

महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी जवळजवळ असाच नियम केला. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. अधिनियमाने घातलेल्या कर्तव्याला अशी अट जोडण्याचा अधिकार राज्याला नाही, अशी त्याची भूमिका होती, आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. एकच कलम, जवळजवळ एकसारखाच नियम आणि दोन उच्च न्यायालयांचे परस्परविरुद्ध निष्कर्ष. 'शेजार' हा शब्द एका ठिकाणी कर्तव्याचा विस्तार सांगतो, दुसऱ्या ठिकाणी त्याची हद्द. कन्नडमधील 'नेरेहोरे' आणि मराठीतील 'शेजार' या दोन्ही शब्दांत जवळीक आणि कुंपण या छटा आधीपासूनच आहेत. न्यायालयांनी त्यांतली एकेक उचलली, एवढेच.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकापुढे यातून एक रिकामी जागा राहते. बोस्टनच्या अनुभवावर जे. अँथनी ल्यूकस यांनी 'कॉमन ग्राउंड' हे तीन कुटुंबांच्या कहाण्यांतून उलगडणारे पुस्तक १९८५ मध्ये लिहिले. न्यायालयाच्या आदेशाने स्वयंपाकघरांत काय घडले ते त्यातून कळते. बंगळूरविषयी, किंवा मुंबई-पुण्याविषयी, असे लेखन कन्नडमध्ये वा मराठीत रूढ झालेले नाही. दलित आत्मकथनांतील शाळा ही मुख्यतः सरकारी वा संस्थेची शाळा आहे. शुल्क भरणाऱ्यांच्या वर्गात शुल्क न भरता बसलेल्या मुलाचा आवाज त्या परंपरेत अजून यावयाचा आहे. २०१२ मध्ये पहिलीत गेलेली मुले २०२० च्या मार्चमध्ये आठवी संपवीत होती. मोफत शिक्षणाची मर्यादा तेथेच संपत होती, आणि नेमक्या त्याच महिन्यात महामारीमुळे शाळा बंद झाल्या. त्यांपैकी कितीजण नववीला त्याच वर्गात राहिले आणि कितीजण रस्त्यापलीकडच्या शाळेत परतले, हे शाळांच्या हजेरीपटांतून शोधता येईल. त्या मुलांना तो निरोप कसा वाटला हे मात्र त्यांनीच लिहावे लागेल, आणि ती आता विशीला टेकली आहेत.